काव की पिवडी?

पेडणे तालुक्यातील हळर्ण हे शापोरा नदीकाठचे गाव. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयाने येथील किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला आणि पुढे त्याला याच गावाच्या नावाची ‘मार्क्विस’ ही पदवी मिळाली. गावाचे नाव असे सातासमुद्रापार गेले. रंग मात्र येथेच राहिला. तो जांभ्याचा रंग. जुन्या पद्धतीच्या घरांत भिंतींनाही तोच, पण दोन रूपांनी : तांबूस काव आणि पिवळी पिवडी.

ही दोन्ही सख्खी भावंडे. दोहोंना रंग येतो तो लोहामुळे. पिवडीतील लोहसंयुगात पाण्याचा अंश बद्ध असतो, कावेत तो नसतो. म्हणूनच पिवडी चांगली भाजली की तांबडी होते. चुन्यात दोन्ही टिकतात. शिवाय जांभ्याच्या भिंतीतला ओलावा चुन्याच्या रंगातून बाहेर पडतो, प्लॅस्टिक रंगाखाली तो कोंडतो. स्वभाव मात्र दोघांचे निराळे. काव धुराचे व चिखलाचे डाग पोटात घालते, पण उजेडही गिळते. पिवडी उजेड परत देते, पण डाग लपवीत नाही.

चतुर्थीच्या आधी येथील एका घरी आम्ही गेलो असता हाच वाद रंगला होता. सासूबाईंना माजघर पूर्वीसारखे कावेचेच हवे होते. सूनबाई म्हणाल्या, “आई, त्या अंधारात तुम्ही दोनदा अडखळून पडलात.” सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माजघर तुझ्या मनासारखे कर. गणपतीमागची भिंत तेवढी कावेची राहू दे.” तसेच ठरले. माजघरात वर पिवडी आणि खाली हातभर कावेचा पट्टा. त्यामुळे भिंत कोठे संपते व जमीन कोठे सुरू होते, हे मंद नजरेलाही कळावे.

बडोदे, इंदूर वा बेळगाव येथील आमच्या वाचकांना डब्यांवर याच रंगांची निराळी नावे आढळतील. नावावर जाऊ नये. दोन्ही रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर ओढून पुरते वाळू द्यावेत, कारण चुन्याचा ओला रंग वाळल्यावर पुष्कळ फिका होतो. मग ते सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला पाहावेत. आणि त्या खोलीत ज्याचा दिवस अधिक जातो, त्याला आधी विचारावे.