आपाचं बर्फाचं मशीन

सोलापुरात बसून बर्फ काढायच्या मशीनवर लेख लिहिणं म्हणजे वाचकांना गंमत वाटेल. पण आपल्या ओळखीत बघा, कुणाचा मुलगा टोरांटोत आहे, कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाचा भाचा शिकागोत. आखातात गेलेल्यांची काळजी आपल्याला कळते, कारण ऊन आपल्या ओळखीचं आहे. बर्फाच्या गावात राहणाऱ्यांचं दुखणं मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, आपण "माशाअल्लाह, किती सुंदर" असं लिहितो आणि पुढे जातो. तो सुंदर बर्फ दाराबाहेरून कुणीतरी उचलावा लागतो, हे फोटोत दिसत नाही.

माझी थोरली बहीण, आपा, बावीस वर्षांपासून शिकागोत आहे. शहराच्या उत्तरेला डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथे हलाल मटणाची दुकानं, साड्या, मिठाई, उर्दू पाट्या असं सगळं मिळतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तिचं जुन्या विटांचं छोटं घर आहे. पुढे फुटपाथ, मागे गॅरेज आणि गॅरेजमागे गल्ली. बावीस वर्षं या घराचा बर्फ दुल्हेभाईंनी फावड्याने काढला. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी गोड सोडा, चाला, गोळ्या चुकवू नका, असं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, या हिवाळ्यात फावडं हातात धरायचं नाही.

आपल्याला वाटेल, अंगण झाडण्यासारखं तर काम आहे. तसं नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यात सकाळी अंथरुणातून उठून थेट जड उचल करायची, तीही श्वास रोखून आणि हातांच्या जोरावर. हृदयाला रक्त जास्त लागतं नेमकं तेव्हाच वाट अरुंद झालेली असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणूनच फावड्याबद्दल लोकांना सावध करत असते. जड मशीन ढकलतानाही हृदयावर असाच ताण येतो, हेही ते सांगतात. ही दुसरी गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही.

मी मास्तरीण असल्यामुळे हिशेब मांडून बघितला. आपाच्या घरापुढचा फुटपाथ तीस फूट लांब. पाच फूट रुंदीची वाट करायची आणि बर्फाचा थर सहा इंचांचा धरला, तर झाले 75 घनफूट, म्हणजे दोन घनमीटरच्या थोडं वर. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर त्याचं वजन साधारण दोनशे किलो भरतं. ओला, चिकट असेल तर सहाशेच्या पुढे जातं. हा फक्त फुटपाथ झाला. पायऱ्यांची वाट आणि गॅरेजपुढची जागा वेगळी. शिकागोत वर्षाला सरासरी 38 इंचांच्या आसपास बर्फ पडतो. तो हप्त्याहप्त्याने येतो, म्हणजे हे वजन एकदाच उचलून सुटका होत नाही.

आणि काढायचा नाही म्हटलं तर चालत नाही. घरापुढचा सार्वजनिक फुटपाथ मोकळा करणं ही शिकागोत घरमालकाची जबाबदारी आहे. वाट किमान पाच फूट रुंद हवी. रात्री पडलेला बर्फ सकाळी दहापर्यंत आणि दिवसा पडलेला रात्री दहापर्यंत काढायचा. नाहीतर 50 ते 500 डॉलर दंड होऊ शकतो. काढलेला बर्फ रस्त्यावर लोटायलाही बंदी आहे. मागच्या गल्ल्यांत तर महापालिका सहसा बर्फ ढकलायची गाडी आणतच नाही, कारण बाजूला सारलेला ढीग लोकांच्या गॅरेजच्या दारांवर जाऊन बसेल.

मग मशीनचा विषय निघाला. दुल्हेभाईंच्या एका सहकाऱ्याकडे जुनं पेट्रोलचं मशीन होतं, साडेतीनशे डॉलरला द्यायला तयार. पुढे लोखंडी दातेरी पातं, त्यामागे बर्फ लांब फेकणारा पंखा, स्वतःची चाल असलेली मोठी चाकं. या प्रकाराला टू-स्टेज म्हणतात. फूटभर बर्फ, खडीचं अंगण, लांबलचक वाट असेल तर हेच मशीन लागतं. दुल्हेभाईंना ते फार आवडलं. मला त्यांचं मन कळत होतं. बावीस वर्षं ज्याने घराची वाट मोकळी केली, त्या माणसाला निदान मशीन तरी दणकट हवं होतं.

आपाने रविवारी सकाळी फोन केला. तिच्याकडे शनिवारची रात्र होती. हिवाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. म्हणाली, "तू जरा बघ गं, तुला सगळं नीट वाचायची सवय आहे." मी एकच प्रश्न विचारला, "चालवणार कोण?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात. दुल्हेभाईंना मनाई. राहिली आपा. वय एक्कावन्न, उंची पाच फूट, सोलापुरात असताना कधी स्कूटरसुद्धा चालवली नाही. ते जुनं मशीन नव्वद किलोच्या घरात जाणारं, दोरी ओढून सुरू करायचं. ते बंद पडलं की दुल्हेभाई "सरक, मी बघतो" म्हणत बाहेर येणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ज्याच्यासाठी मशीन घ्यायचं, त्यालाच ते पुन्हा बर्फात ओढून नेणार असेल, तर साडेतीनशे डॉलरही महागच.

परवडणारं मशीन म्हणजे ज्याच्या हातात राहणार आहे त्याला झेपणारं आणि जिथे फिरणार आहे तिथे पुरणारं. किंमत त्यानंतर बघायची.

तिला मी पाच गोष्टी लिहून काढायला सांगितल्या: जागा किती, जमीन कसली, एका वेळी बर्फ बहुधा किती, मशीन ठेवणार कुठे, विजेचा प्लग किती लांब. उत्तरं आली तशी निवड सोपी झाली. जागा थोडी, जमीन सिमेंटची. बहुतेक वेळा बर्फ दोन ते सहा इंच. मशीन मागच्या बंद व्हरांड्यात ठेवायचं, म्हणजे तीन पायऱ्या उचलून न्यायचं. घराबाहेरच्या भिंतीवर पुढे आणि मागे एकेक प्लग.

यातून सिंगल-स्टेज प्रकार नक्की झाला. त्यात एकच पातं असतं, त्याला रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी. ते जमिनीला घासत बर्फ गोळा करतं आणि तेच वरच्या तोंडातून फेकतं. सिमेंटवर छान साफ होतं. खडीवर मात्र हे मशीन चालवू नये, ते दगड भिरकावतं. त्यातही तीन पर्याय. पेट्रोलचं घेतलं तर ऑइल, जुनं होणारं पेट्रोल, दोरी, शिवाय धूर. असलं मशीन बंद गॅरेजमध्ये क्षणभरही चालू ठेवायचं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीचं सोयीचं, पण आम्ही पाहिली ती चारशे डॉलरच्या पुढे होती. शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती घरात उबेला ठेवावी लागते. राहिलं वायरवर चालणारं: अठरा इंच रुंद, पंधरा किलोच्या आसपास, सव्वादोनशे डॉलरच्या आत. मोठ्या अंगणाला ते अपुरं पडलं असतं. तीस फुटांच्या फुटपाथला पुरतं.

मशीनवर वाचवलेल्या पैशांतले थोडे मात्र वायरवर घालायला लावले. तिकडची वीज 120 व्होल्टची. पंधरा अँपियरचं मशीन म्हणजे अठराशे वॅट, आपल्याकडच्या गिझरएवढं. पण व्होल्ट निम्मे असल्याने तेवढ्याच कामाला अँपियर जवळजवळ दुप्पट लागतात आणि बारीक वायर तापते. शंभर फुटांसाठी 12 गेजची, बाहेर वापरायची म्हणून छापलेली वायर घ्यायची. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे ध्यानात ठेवा. दुकानात 16 आकडा बघून लोक ती जास्त चांगली समजतात. बाहेरचा सॉकेटही वीज गळली की लगेच तोडणारा हवा, आपल्याकडच्या ईएलसीबीसारखा. तिकडे त्याला जीएफसीआय म्हणतात.

खोकं नोव्हेंबरमध्ये उघडलं, बर्फ पडायच्या आधी, दिवाणखान्यात. हेही मुद्दाम. गोठलेल्या बोटांनी नट आवळता येत नाहीत. मी इकडून माहितीपुस्तिका वाचत होते, आपा तिकडे जोडत होती. दांडा उघडून दोन्ही बाजूंचे नट सारखे आवळले. वरचं तोंड बसवलं आणि ते हँडलने दोन्हीकडे वळतं ना, ते पाहिलं. आपलं तोंड घराच्या हिरवळीकडे राहायला हवं, रस्त्याकडे नाही आणि शेजाऱ्याच्या गाडीकडे तर नाहीच. वायर दांड्याच्या आकड्यात अडकवून मग प्लगला जोडायची, म्हणजे झटका बसून निघत नाही. बटण दाबून धरायचं आणि दांड्याचा खटका ओढायचा, दोन्ही केल्याशिवाय पातं फिरत नाही. खटका सोडला की पातं थांबतं की नाही, हे तिने पाच वेळा बघितलं.

मग कोरड्या फुटपाथवर तालीम केली. प्लगच्या जवळून सुरुवात करून दूर जायचं, म्हणजे वायर मागे राहते, पात्याखाली येत नाही. हिवाळ्याआधी पायपुसणं, बागेची नळी, सुटे दगड उचलून ठेवायचे. बर्फाखाली दडलेलं रोजचं वर्तमानपत्रसुद्धा पात्यात अडकतं.

अडकलं की खरा धोका तिथेच. ओला बर्फ तोंडात घट्ट बसतो, मशीन गुरगुरतं आणि माणसाचा हात आपोआप पुढे जातो. दर हिवाळ्यात लोकांची बोटं अशीच जातात. आपल्याकडे ज्याने कडबाकुट्टीत गेलेला हात पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. मशीन बंद केल्यावरही पात्यात ताण उरलेला असू शकतो आणि अडथळा निघताच ते एक झटका फिरतं. म्हणून नियम असा: खटका सोडायचा, प्लग काढायचा, पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग काठीनेच बर्फ काढायचा. हातमोजा घातला आहे म्हणून हात चालतो, असं नाही.

पुस्तिकेत हे इंग्रजीत ठळक छापलेलं होतं आणि आपाला इंग्रजी उत्तम येतं. तरी मी एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो पाठवला: "आपा, हात घालू नको. प्लग काढ. थांब. मग काठी घे." तो तिने छापून दाराजवळ लावला आहे. वर्गात मी रोज बघते, घाईत किंवा भीतीत पोरं ज्या भाषेत लहानपणी रागावून घेतलं त्याच भाषेचं ऐकतात. सूचना समजणं आणि सूचनेने हात थांबणं, यात फरक आहे.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ आला, पाच इंच. आपाला पाऊण तास लागला. दुसऱ्या खेपेला पस्तीस मिनिटं. जास्त पडणार असं कळलं तर ती सगळं थांबायची वाट बघत नाही, तीन-चार इंच झाले की एक फेरी मारते आणि थांबल्यावर दुसरी. लहान मशीनचं काम असंच करायचं. 1967 च्या जानेवारीत शिकागोत एकाच वादळात 23 इंच बर्फ पडला होता. तसं काही आलं तर हे मशीन पुरणार नाही. त्या दिवशी माणूस बोलवायचा, त्याला पैसे द्यायचे, असं आधीच ठरलं आहे. दुल्हेभाई खिडकीतून बघतात. सुरुवातीला त्यांना फार जड गेलं. "लोक काय म्हणतील, बायको बाहेर आणि हा आत" असं दोनदा म्हणाले. आपा म्हणाली, "लोक म्हणतील हा अजून आहे." त्यानंतर तो विषय निघाला नाही. चहा ते करतात.

वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे आपण मदरशात लहानपणीच शिकलो. तेव्हा डोळ्यांसमोर काटा किंवा दगड असायचा. शिकागोत तो बर्फ आहे. आपाच्या शेजारी वॉकर घेऊन चालणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. आपलं झालं की आपा त्यांच्या फुटपाथवरूनही मशीन फिरवून आणते, वायर पुरते तेवढ्या अंतरापर्यंत. शंभर फुटांची घेतली ते बरं झालं, म्हणते.

तुमचं कुणी बर्फाच्या गावात असेल तर पुढच्या फोनवर फोटोचं कौतुक जरूर करा. त्याबरोबर हेही विचारा की तुमच्याकडे बर्फ कोण काढतं, त्याचं वय काय आणि त्याची तब्येत कशी आहे. विचारायचं तर ऑक्टोबरमध्येच विचारा.