ट्रॅक्टरशी न झालेला सामना

ट्रॅक्टर नावाचा एक फुटबॉल संघ आहे, असे मी आंबागडला सांगितले तेव्हा आमचे मोठेबाबा धुऱ्यावर उभ्या उभ्याच हसले. "ट्रॅक्टरची का टीम असते गा?" असते ना! इराणात तब्रिझ नावाचे शहर आहे. तेथील ट्रॅक्टरच्या कारखान्याने १९७० साली आपला संघ काढला आणि त्याला कारखान्याचेच नाव दिले. आमच्या बांध्यांत चिखलणीला येणाऱ्या यंत्राच्या नावाने त्या शहरात हजारो लोक घोषणा देतात, याची मला भारी गंमत वाटे.

२ ऑक्टोबर २०२४ ला या ट्रॅक्टरशी आपल्या मोहन बागानचा सामना तब्रिझला व्हायचा होता. स्पर्धा आशियाई चॅम्पियन्स लीग टू. गांधीजयंतीची सुट्टी, धान निसवलेले, शेतात फारसे काम नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी जरा उंचावर मोबाईलला रेंज बरी मिळते, म्हणून जागासुद्धा ठरवून ठेवली होती. पण मोहन बागानचा संघ कोलकात्याहून निघालाच नाही. युद्धाचे ढग दाटले होते आणि खेळाडूंना तेथे जाणे धोक्याचे वाटत होते. १ ऑक्टोबरच्या रात्री इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रांचा मारा केला.

वसतिगृहात यावर बरीच वादावादी झाली. एक मित्र म्हणाला, "१९११ मध्ये अनवाण्या पायांनी गोऱ्या पलटणीला हरवणारा क्लब हा, अन् आता भितो का बे?" मला हे बोलणे मुळीच पटले नाही. पलटणीला मैदानावर हरवणे वेगळे आणि क्षेपणास्त्राखाली चेंडू खेळणे वेगळे. खेळाडूने शिपायाचे शौर्य दाखवावे, असा हट्ट आपण गादीवर बसून का धरावा?

मला खुपले ते पुढचेच. ७ ऑक्टोबरला आशियाई फुटबॉल महासंघाने मोहन बागानने माघार घेतली असे ठरवले आणि त्यांचा आधीचा सामनाही रद्द केला. १८ सप्टेंबरला सॉल्ट लेकवर ताजिकिस्तानच्या रावशान संघाशी ०-० अशी बरोबरी झाली होती. नव्वद मिनिटे माणसे धावली, घामाघूम झाली, लोक ओरडले. कागदावर मात्र ते घडलेच नाही! नियम असेल, पण न गेल्याची शिक्षा खेळलेल्या सामन्याला कशासाठी?

तसे हे नवे नाही. मध्य युरोपातील क्लबांच्या मित्रोपा चषकाचा १९४० चा अंतिम सामना ठरला होता. बुखारेस्टचा रापिड आणि बुडापेस्टचा फेरेन्त्स्वारोश हे संघही ठरले होते. महायुद्धामुळे तो कधीच झाला नाही. आपल्याकडे चीनच्या आक्रमणामुळे १९६२ ची ड्युरँड स्पर्धा झाली नाही. याउलट २०२३ मध्ये मुंबई सिटीचा संघ इराणच्या नस्साजीशी पुण्याला बालेवाडीत खेळला आणि परतीच्या सामन्यासाठी तेहरानला जाऊनही आला. तेव्हा कोणाला त्यात विशेष वाटले नव्हते. एका वर्षात तीच वाट बंद झाली.

हे सारे मी मोठेबाबांना सांगितले. त्यांना स्पर्धेत काडीचा रस नाही. बिडी विझवून त्यांनी एवढेच विचारले, "आपले पोट्टे नाही गेले, बरं झालं. पण त्या गावचे पोट्टे कोठी गेले?"

मी गप्प झालो. आमच्या साऱ्या वादावादीत तब्रिझच्या खेळाडूंचा विचार कोणी केलाच नव्हता. मोहन बागानला 'येत नाही' म्हणता आले. ट्रॅक्टरच्या पोरांचे घर, मैदान, आईबाप सारे तेथेच. त्यांनी माघार घ्यायची तर कोठून घ्यायची?

त्यानंतर मी त्या संघाच्या बातम्या शोधून वाचू लागलो. २०२५ च्या वसंतात ट्रॅक्टरने इराणची लीग पहिल्यांदाच जिंकली. मोठेबाबांना सांगितले, तर ते म्हणाले, "म्हणजे नांगरलं म्हणायचं!" दोन महिनेही झाले नसतील, १३ जूनला इस्रायलचे हल्ले सुरू झाले. बातम्यांत ज्या शहरांची नावे आली त्यांत तब्रिझ होते. तेव्हा आमच्याकडे धानाचे पऱ्हे टाकायची घाई चालली होती. मोठेबाबांनी त्या दिवशी दोनदा विचारले, "त्या ट्रॅक्टरवाल्यांचं काही कळलं का गा?"