पटाशीचा कोपरा

१८५७ साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. हाताचे कौशल्य वर्गात कसे शिकवावे, हा प्रश्न आपल्या शहरात तेवढा जुना आहे. आज त्यात संगणकाची भर पडली आहे. लालबागमधील एका सुतारकामाच्या कारखान्यात मी सीएनसी यंत्राला लाकडात चौकोनी खाच पाडताना पाहिले. माप अचूक होते. परंतु यंत्राचे फिरते पाते गोल असल्यामुळे खाचेचे आतले कोपरे गोलच राहिले. सांध्याचे चौकोनी कुसू तीत बसेना. अखेर मिस्त्रींनी पटाशीने कोपरे साधले.

तेथील शिकाऊ मुलाला संगणकाच्या सर्व आज्ञा ठाऊक होत्या. ‘गुण्या लाव’ म्हटल्यावर मात्र तो गोंधळला. काटकोन तपासण्याची संपूर्ण कृती या दोन शब्दांत सामावलेली आहे. भाषेचा अभ्यासक म्हणून मला वाटते, शब्द गेला की कृती शिकवणेही अवघड होते. म्हणून यंत्र आणि पटाशी एकाच अभ्यासक्रमात हवीत, आपापल्या शब्दांसह.

आपण व्यवसाय सांभाळून शिकत आहात. आपल्या कामातील असे दहा शब्द अर्थासह लिहा. त्यांतील किती शब्द घरातील मुलांना कळतात, तेही पाहा.