कधी चालते, कधी नाही

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, पांढरी. आप्पांनी नोकरीत असताना घेतली. आता आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण रविवारी सकाळी गाडी पुसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात या गाडीला एक विचित्र खोड लागली. चावी फिरवली की कधी लगेच सुरू व्हायची, तर कधी नुसता "टक्" आवाज. पाच मिनिटांनी परत चावी फिरवली की जणू काही झालंच नव्हतं! गॅरेजला नेली की हमखास पहिल्या झटक्यात सुरू. मेकॅनिक माझ्याकडे बघून हसायचा. "सर, गाडी तर मस्त आहे."

मग नेहमीचा प्रकार सुरू झाला. कुणी म्हणालं बॅटरी गेली, नवीन बॅटरी घातली. कुणी म्हणालं सेल्फचे कार्बन झिजलेत, ते बदलले. आठ दिवस बरे गेले, पुन्हा "टक्". एकदा आप्पा डॉक्टरांकडे निघाले आणि भर पावसात बाजारपेठेतच अडकले. घरी आले ते रिक्षाने. छत्री कोपऱ्यात ठेवत एवढंच म्हणाले, "विकून टाक रे. म्हातारी झाली ती." मला ते वाक्य फार लागलं. ते फक्त गाडीबद्दल बोलत नव्हते.

मी दहावीला विज्ञान शिकवतो. ओहमचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेन याची गणती नाही. पण स्वतःच्या दारातल्या गाडीला तो लावून पाहायचं सुचलं नव्हतं. आमच्या गावात एक जुने वायरमन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी प्रश्न विचारले. "बंद पडते तेव्हा हेडलाइट मंद होतात की तसेच राहतात? इंजिन गार असतं की गरम? पाऊस असतो का?" मला एकाचंही उत्तर देता येईना. चाचा म्हणाले, "सर, पोरांची हजेरी रोज घेता ना? हिची पण घ्या. पंधरा दिवसांनी या."

घेतली हजेरी. जुन्या वहीत रकाने आखले : तारीख, हवा, इंजिन गार की गरम, दिवे कसे, काय झालं. पंधरा दिवसांत सहा वेळा गाडी रुसली. सहाही वेळा हेडलाइट लख्ख होते. म्हणजे बॅटरीत जोर होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. वही बघून चाचांनी शेवटचा प्रश्न विचारला, "चोकची तार गरम लागते का?" मी हात लावून पाहिला होता कुठे! पुढच्या वेळी लावला. खरंच गरम होती.

इथे थोडं विज्ञान. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. इंजिन मात्र रबरावर बसवलेलं असतं, म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यात तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. तिला अर्थची पट्टी म्हणतात. सेल्फचा सगळा प्रवाह तिच्यातून परत येतो. ती खराब झाली की प्रवाह दुसरी वाट शोधतो. चोकची बारीक तार इंजिन आणि बॉडी दोन्हींना टेकलेली, म्हणून बिचारी ती तापते. दिव्यांचा परतीचा रस्ता थेट बॉडीतून असतो, म्हणून ते लख्ख.

मी म्हटलं, "पण चाचा, मी मीटर लावून पट्टीचा रोध मोजला. जवळजवळ शून्य आला." चाचा हसले. "रिकामी बैलगाडी मोडक्या पुलावरून पण जाते, सर. भरलेली घालून बघा."

हिशोब करून पाहा. रोध फक्त ०.०५ ओहम धरा. साधा मीटर तो नीट दाखवतही नाही. पण त्यातून सेल्फचा १२० अँपिअर प्रवाह जायचा म्हटला, तर ६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारातले सहा गेले, सेल्फ फिरणार कसा?

मग गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. मीटर व्होल्टवर ठेवला आणि आप्पांना चावी फिरवायला बसवलं. बॅटरीची ऋण बाजू ते बॉडी : ०.१ व्होल्ट. बॉडी ते इंजिन : ५.८. चोर सापडला! बॅटरीची ऋण तार आधी सोडवून पट्टी काढली. वरून ठीक दिसत होती, पण बोल्टखाली सगळा हिरवा-पांढरा गंज. नवीन पट्टी आणली, बसायची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. तेव्हापासून "टक्" नाही.

हे सगळं लिहायचं कारण गाडी नाही. त्याच वर्षी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, कधी दहापैकी नऊ, कधी दोन. श्रुतलेखनात तर फारच. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने लिहिलं होतं : "येतं, पण लक्ष नसतं." शाळेच्या आरोग्य तपासणीत तो व्यवस्थित निघाला होता. गॅरेजमधल्या गाडीसारखाच.

गाडीची वही मिटताना त्याची आठवण झाली. त्याचीही नोंद ठेवायला लागलो. महिन्याभरात दिसलं, की सर्दी असली की गुण पडतात. फळ्यावरचं बरोबर उतरवतो, तोंडी सांगितलेलं चुकतं. त्याच्या आईला बोलावून वही दाखवली. त्या म्हणाल्या, "सर, घरी पण हाक मारली की कधी ओ देतो, कधी नाही. आम्ही मारलंय त्याला त्यापायी." कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यामागे पाणी साचतं, त्यामुळे ऐकू येणं कमीजास्त होतं. उपचार झाले. मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, आणि प्रगतिपुस्तकातला तो शेरा खोडून खाली सही केली. त्याची माफीही मागितली. तो नुसता हसला.

वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग : दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडा, मध्ये दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल घाला. बल्ब मंदावतो किंवा पेटतच नाही. मग बल्बच्या जागी १०० ओहमचा रोधक लावलेला लाल एलईडी जोडा. तो बहुतेक तसाच पेटतो. पेन्सिल तीच, ओझं वेगळं. मुलांना विचारा, असं का? आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहू या.

आप्पा आता गाडी विकायचं नाव काढत नाहीत. परवा डॉक्टरांकडे स्वतः चालवत गेले.