चालत्याबोलत्या देवाचें घर

एखादें देवस्थान 'जागृत' आहे असें कोणी सांगितलें कीं आम्हां मुंबईकरांचे पाय तिकडे आपोआप वळतात. देवानें ऐकावें, नवसाला पावावें, प्रसंगीं रागवावेंही, ही अपेक्षा त्या एका शब्दांत भरलेली असते. पण मनुष्याचें मन तेवढ्यावर थांबत नाहीं. आपला देव चालताबोलता असावा, त्यानें आपल्याकडे पाहावें, आपल्या हातचा घास घ्यावा, ही ओढ फार जुनी आहे. ती जेथें पुरी झाली तेथें त्या देवासाठीं घर बांधणें ओघानेंच आलें. अशा घरामुळें भक्तांची सोय झाली हें उघड आहे. घरांत राहणाऱ्याचें काय झालें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. पुण्यालगत पवनेच्या कांठीं चिंचवड आहे. मोरया गोसाव्यांच्या वंशांत सात पिढ्या गणपति अवतरेल अशी श्रद्धा होती, आणि त्या गादीवरील पुरुषास लोक 'देव' म्हणत. कॅप्टन एडवर्ड मूर हा 1800 सालीं तेथें जाऊन आला व या वंशपरंपरागत जिवंत देवाची हकीकत त्यानें प्रसिद्ध केली. पुढें 1809 सालीं मारिया ग्रॅहॅम ही त्या वेळीं मुंबईंत राहणारी इंग्रज बाई चिंचवडास गेली. तिनें पाहिलेला देव बारा वर्षांच्या सुमाराचा मुलगा होता. इतर मुलांशीं खेळण्याची त्याला मोकळीक नव्हती. ब्राह्मणांखेरीज कोणाशीं बोलतां येऊं नये म्हणून संस्कृतावांचून दुसरी भाषा बोलण्याची मनाई होती. त्याच्या डोळ्यांत जी बावरी अस्वस्थता तिला दिसली, ती रोज दिल्या जाणाऱ्या अफूमुळें आहे असें तिच्या कानावर आलें. निरोप घेतांना देवानें स्वहस्तें बदाम व हिंगाचा वास लागलेली खडीसाखर दिली. परक्या बाईची ही साक्ष. तींतील ऐकीव भाग हवा तर वगळावा. समोरचें मूल बारा वर्षांचें होतें, एवढें कांहीं वगळतां येत नाहीं.

काठमांडूंतील कुमारी घर 1757 सालचें आहे. तेथें निवडलेली बालिका देवी म्हणून राहते, आणि वयांत आली कीं तिचें देवीपण संपतें. तिला शाळेचा हक्क आहे, हें ठरविण्यास 2008 सालीं नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयास निकाल द्यावा लागला.

प्रौढ मनुष्यास देव केलें म्हणजे प्रकार उलटा होतो. तेथें भक्तच सांपडतो. वल्लभ संप्रदायांतील महाराजांस भक्त प्रत्यक्ष कृष्णस्वरूप मानीत. 1860 सालीं करसनदास मुळजी यांनीं 'सत्यप्रकाशां'त त्यांच्या आचरणावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनीं फिर्याद केली. आमच्या डॉ. भाऊ दाजींनीं साक्ष दिली, आणि 1862 सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें करसनदासांच्या बाजूनें कौल दिला. तन, मन आणि धन अर्पण करण्यासाठीं समोर देहधारी देव असला, तर त्या अर्पणाचा अर्थ किती बदलतो हें मुंबईनें तेव्हां भर कोर्टांत ऐकलें.

या गोष्टी पुस्तकांतल्याच राहिल्या असत्या. पण कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गिरगांवांतील एका चाळींत आठ वर्षांच्या मुलाच्या ठिकाणीं देवाचा अंश आहे अशी बातमी उठली. बिऱ्हाडांतील बाहेरची खोली रिकामी झाली, पाट मांडला गेला, समया आल्या, आणि दर गुरुवारीं रांग जिन्यापर्यंत पोंचूं लागली. आम्ही आईला घेऊन गेलों. मुलगा शांत बसून होता. खालीं चौकांत चेंडू भिंतीवर आपटला कीं त्याची मान किंचित हाले, आणि शेजारीं बसलेली त्याची आजी हलकेंच त्याचा गुडघा दाबी. त्या आजीच्या मनांत कपटाचा लेशही नव्हता. नातवाला मिळणाऱ्या मानानें तिचे डोळे भरून येत होते. आमच्या आईनें यथासांग नमस्कार केला. जिना उतरतांना मात्र ती म्हणाली, "पोराला भूक लागली असेल रे." देवाच्या बाबतींत भुकेचा शब्द तिच्या तोंडीं कधीं येत नसे; नैवेद्याचा येई.

आमच्या लोकांनीं या ओढीस एक निर्धोक वाट करून दिली आहे, असें आम्हांस वाटतें. भुलेश्वरच्या हवेल्यांत बाळकृष्णाला उठवितात, जेववितात, निजवितात. तें मूल कधीं दमत नाहीं. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांनीं 1878 सालीं देह ठेवला. दादरच्या मठांत गुरुवारीं आलेला मनुष्य आपलें दुःख पादुकांना सांगतो, आणि त्या कोणाच्या तन-मन-धनावर हक्क सांगत नाहींत. लालबागेंत 1934 सालापासून जो गणपति बसतो, त्याच्यासाठीं घरही कायमचें नाहीं. कापडाचा मांडव पुरतो. चिंचवडास ज्या देवाचा भार एका मुलानें वाहिला, तोच येथें मूर्तीवर सोपविला आहे. तासन् तास लोक त्याच्या पायाशीं येतात, आणि त्या पायांना कळ लागत नाहीं. शेवटीं गिरगांवच्या चौपाटीवर समुद्र त्याला घेतो.

देवपण सोपवावयाचेंच असेल तर तें मातीस सोपवावें. दहा दिवस सांभाळून ती तें परत करते. मुलाचें देवपणही काढून घेतां येतें. त्यापायीं गेलेलीं त्याचीं वर्षें परत देण्याचा विधि मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.