तीन ठिपके

बदलीच्या नोकरीत माणसाला एक विद्या आपोआप येते, ती सामान बांधण्याची. आमच्या वडिलांना ती विशेष साधली होती. प्रत्येक बदलीच्या वेळी ते खोक्यांवर आकडे घालीत आणि नव्या गावी त्याच क्रमाने ती सोडीत. आम्ही त्यांना हसत असू. त्यांच्यामागे त्यांची १९७४ सालची अ‍ॅम्बेसेडर आमच्याकडे आली. ती आम्ही हौसेने कुंभकोणमपर्यंत आणली आणि येथे येताच तिच्या पोटात ठोके पडू लागले.

मिस्त्रींनी कान लावून निदान केले: क्रँकशाफ्टची बेअरिंगे झिजली. या गाडीचे उत्पादनच २०१४ साली थांबले, तेव्हा ती भंगारात द्यावी, असे स्नेह्यांचे मत पडले. पण आम्ही हट्टास पेटलो आणि घरच्या अंगणातच इंजिन उतरविण्याचे ठरविले.

तिकाटण्याला चेन-पुली अडकवून इंजिन वर घेतले आणि उलटे करून ओंडक्यांवर ठेवले. तेलाचा चेंबर, टायमिंगची साखळी, फ्लायव्हील ही एकेक उतरली; कनेक्टिंग रॉड सुटे झाले. पिस्टनांची वरखाली धाव चक्राकार गतीत बदलणारा तो वाकडा दांडा आता उघडा पडला. तो तीन बेअरिंगांवर तोललेला असतो आणि प्रत्येकावर एक लोखंडी टोपी असते. आम्ही पाना घेऊन सरसावलो, तोच मिस्त्री ओरडले, "मेल्ल, सार, मेल्ल!"

टोप्या दिसायला सारख्या. पण कारखान्यात त्या इंजिनाच्या अंगाशी जोडूनच त्यांची भोके कोरलेली असतात. एकीची जागा दुसरीला दिली किंवा तीच उलटी बसविली, तर शाफ्ट जखडतो. म्हणून आधी खुणा करावयाच्या. ज्या गावी रामानुजन गणित शिकले, त्या गावी आम्ही तीनपर्यंत मोजायला विसरलो होतो!

मिस्त्रींनी पंच उचलला, टोपीवरचे काळे तेल पुसले आणि ते थबकले. खुणा आधीच होत्या. पहिल्या टोपीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, आणि शेजारी इंजिनाच्या अंगावरही तितकेच. हाताने ठोकलेले, किंचित तिरपे. आमच्या बालपणी एका सुट्टीत गाडी महिनाभर अंगणात उभी होती आणि जवळ गेलो की वडील आम्हांला पिटाळीत, एवढेच आठवत होते. ते काय करीत होते, ते आज कळले.

टोप्या क्रमाने निघाल्या. दोघांनी दोन टोके धरून शाफ्ट सरळ वर उचलला. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर दहाचा शिक्का होता; म्हणजे वडिलांनी शाफ्ट दहा हजारांश इंच घासून घेतला होता. आम्हांला विसावर जावे लागले. तीस आणि चाळीस अजून शिल्लक आहेत.

पुढच्या रविवारी जुळणी झाली. मिस्त्री नव्या खुणा करू पाहत होते. आम्ही नको म्हटले. आमची कन्या केव्हाची जवळ उभी होती. तिला आम्ही पिटाळले नाही. ठिपके मोजून तिसरी टोपी तिनेच बसविली.