उसन्या उपमेचे वलय

उपमा कोठवर ताणावी, हा प्रश्न अलंकारशास्त्रापुरताच आहे असे मी बरीच वर्षे समजत होतो. आमच्या रसायन विभागातील एका स्नेह्यांनी त्यांच्या मराठी टिपणाची भाषा तपासायला दिली आणि त्या निमित्ताने 'चक्रीय फॉस्फाझीन' नावाच्या संयुगांशी माझी ओळख झाली. शब्द कानाला कठोर आहे खरा. पण त्यामागचा इतिहास मात्र कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे.

१८३४ साली लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनज्ञांनी फॉस्फरस पेंटाक्लोराइडवर अमोनियाची क्रिया केली. हाती आले ते बहुतांशी निराळेच. त्यासोबत थोडे पांढरे, स्थिर स्फटिक मिळाले. आज हाच पदार्थ पेंटाक्लोराइड आणि नवसागर क्लोरोबेंझिनसारख्या द्रावकात तापवून करतात. पण त्या स्फटिकांची रचना वलयाकार असावी, हे सुचवायला १८९० चे दशक उजाडावे लागले. ते सुचवणारा अमेरिकन रसायनज्ञ एच. एन. स्टोक्स पुढे थिऑसॉफीकडे वळला, ही गोष्ट मला उगाचच आवडते.

वलय सहा अणूंचे : एकाआड एक फॉस्फरस आणि नायट्रोजन, प्रत्येक फॉस्फरसवर दोन क्लोरीन. कागदावर काढले की ते थेट बेंझिनसारखे दिसते. वलय जवळजवळ सपाट, सगळे बंध सारख्याच लांबीचे, सुमारे १.५८ अँगस्ट्रॉम; साध्या एकेरी बंधापेक्षा (सुमारे १.७७) स्पष्टपणे आखूड. 'अकार्बनी बेंझिन' म्हणण्याचा मोह कुणाला होणार नाही? पण १९६० साली ड्यूअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडले की येथे इलेक्ट्रॉन बेंझिनमधल्याप्रमाणे वलयभर फिरत नाहीत. प्रत्येक फॉस्फरसपाशी त्यांचा प्रवाह खंडित होतो, जणू लहान लहान बेटे. पुढे या चित्रातही दुरुस्त्या झाल्या आणि बंधांच्या ध्रुवीयतेवर अधिक भर आला. साम्य डोळ्यांना दिसत होते, ते खोटेही नव्हते. केवळ त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. आपल्याकडे एखाद्या कवीला 'मराठीचा अमुक' म्हणून मोकळे होणारी समीक्षा पाहिली की मला हे वलय आठवते.

स्टोक्सने हे वलय तापवले, तेव्हा ते उघडून लांब साखळ्या झाल्या आणि रबरासारखा पदार्थ मिळाला. हे 'अकार्बनी रबर' कोणत्याही द्रावकात विरघळेना आणि दमट हवेत हळूहळू नासे. बहुवारिकाची आधुनिक कल्पना श्टाउडिंगरने १९२० मध्ये मांडली. त्याआधी या रबराचे करायचे काय, हे कळणे अवघडच होते. १९६५ च्या सुमारास हॅरी ऑलकॉक यांनी तापवण्याची क्रिया वेळीच थांबवून विरघळणारी साखळी मिळवली आणि मग तिच्यावरचे क्लोरीन काढून तेथे कार्बनी गट बसवले. ज्या क्लोरीनमुळे पदार्थ नासत होता, त्याच्याच चंचलपणामुळे ही अदलाबदल शक्य झाली. सांगाडा तोच, पण कोणता गट जोडावा त्यावर तो लवचीक रबर होतो, धागा होतो किंवा शरीरात विरघळणारा पदार्थ होतो.

वलय न उघडताही हीच अदलाबदल करता येते. फेनॉक्सी गट बसवलेले वलय प्लॅस्टिक आणि विद्युत मंडलांच्या पाट्यांमध्ये ज्वालारोधक म्हणून वापरतात. फ्लोरीनयुक्त वलये लिथियम बॅटरीतल्या द्रवाचा पेट घेण्याचा धोका कमी करण्यासाठी वापरली जातात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि कानपूरच्या आयआयटीत या संयुगांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

टिपणात स्नेह्यांनी 'अकार्बनी बेंझिन' असेच लिहिले होते. मी समासात प्रश्नचिन्ह काढले. त्यांनी ते शब्द ठेवले, फक्त आधी 'दिसायला' हा एक शब्द घातला.